रंगाआधी भिंत

भिंत हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काही श्रोत्यांना वाटेल. आम्हां युनियनच्या माणसांना तसे वाटत नाही. सभेची तारीख, संपाची हाक, बोनसची मागणी, हे सारे आम्ही गेरू आणि चुना घेऊन रात्री-बेरात्री भिंतींवरच लिहीत आलो. पुढे १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा आला, आणि त्यामागून फ्लेक्स आला. फ्लेक्सने तर पाट्या रंगविणाऱ्या पेंटरांची रोजीच खाल्ली. आता त्याच भिंती रंगवा असे महापालिका, रेल्वे आणि नाना संस्था सांगू लागल्या आहेत. चंद्रपूर व बल्लारशा ही स्थानके ताडोबाच्या वाघांच्या चित्रांनी सजली, आणि २०१८ साली रेल्वेच्या सजावट-स्पर्धेत दोघांना मिळून पहिले बक्षीस मिळाले. जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांतही अशी चित्रे यावीत, असे आम्हांस मनापासून वाटते. ती कशी यावीत, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

या विद्येचे मोठे विद्यालय आपल्या दाराशीच आहे. जळगावाहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तेथे सगळे पद्मपाणीकडे पाहतात. आमचे म्हणणे, जेथे चित्र झडले आहे तेथेही पाहावे, कारण आतले काम तेथे उघडे पडले आहे. खडबडीत कातळावर आधी माती, भाताचे तूस आणि गवताचे तंतू यांचा जाड लेप. त्यावर बारीक लेप. वर चुन्याचा पातळ हात. आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा अफगाणिस्तानाकडून आलेला लाजवर्द. यांतले बहुतेक रंग म्हणजे दगड-माती, म्हणून दीड हजार वर्षांनीही ते टिकून आहेत. सोळाव्या लेण्यात दान देणाऱ्या वराहदेव मंत्र्याचा लेख आहे. माती मळणाऱ्यांचा नाही. असो.

शहरातली भिंत कातळाची नसते. पन्हाळ गळत असते, नळ फुटलेला असतो, पायथ्याशी गटार तुंबलेले असते. ओल चढते, ओलीबरोबर क्षार बाहेर येतो, आणि रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटतात. म्हणून आमच्या मते भित्तिचित्राचा पहिला कारागीर प्लंबर, दुसरा गवंडी आणि तिसरा पेंटर. जुना रंग खरवडावा, भिंत धुवावी, भेगा बुजवाव्या, नवा गिलावा पुरा वाळू द्यावा, मग अस्तर द्यावे. त्यानंतर लहान चित्रावर चौकटी आखायच्या, तितक्याच मोठ्या चौकटी भिंतीवर आखायच्या, आणि एकेका चौकटीतली रेघ वर न्यायची. सिनेमाची मोठी बॅनरे रंगविणारे असेच करीत. दिवाळीनंतर काम काढावे. आपल्या वैशाखात भिंत इतकी तापते की रंग कुंचल्यातच आटतो.

आता मुंबईचे एक उदाहरण. मेट्रोच्या असल्फा स्थानकाजवळच्या टेकडीवरची वस्ती २०१७-१८ च्या हिवाळ्यात ‘चल रंग दे’ या संस्थेने स्वयंसेवक जमवून रंगविली. गाडीतून पाहणाऱ्यांना ती सुंदर दिसू लागली. टीकाकार म्हणाले, रंगाने घरात पाणी येत नाही. खरे आहे. पण ज्या वस्तीकडे पाहून लोक नाक मुरडीत, तिचे फोटो काढायला ते येऊ लागले, हेही वस्तीत राहणाऱ्याला लहान नसते. आमची शंका निराळी आहे. फुकट श्रम म्हटले की आमचे कान टवकारतात. विद्यार्थ्यांनी हौसेने एक दिवस हात लावावा. पण गावात हाताला काम नसलेला पेंटर असताना त्याला रोज देऊन बोलवावे, आणि चित्राच्या कोपऱ्यात त्याचे नाव असावे.

पैसा कोणाचा, हाही प्रश्न राहतोच. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा याने १९३२-३३ मध्ये डेट्रॉइट येथे फोर्ड घराण्याच्याच पैशाने मोटार-कामगारांची भव्य चित्रे काढली. ती आजही आहेत. न्यूयॉर्कला रॉकफेलरांच्या इमारतीत त्याने लेनिनचा चेहरा काढला, तो पुसण्यास नकार दिला, आणि १९३४ साली ते चित्र फोडून टाकण्यात आले. तेव्हा कोणते चित्र काढायचे आणि ते कोणाच्या संमतीने पुसायचे, हे कागदावर आधीच ठरलेले बरे.

विषयांची आपल्याकडे वाण नाही. असोद्याच्या बहिणाबाई आहेत, अमळनेरला शिकविणारे साने गुरुजी आहेत. पण केळीचे घड ट्रकमध्ये भरणारा हमाल, जिनिंगमध्ये कापूस ओढणारी बाई, भुसावळच्या यार्डातला खलाशी, यांनाही एखादी भिंत मिळावी. पहिली सभा मात्र त्या भिंतीखाली नळावर भांडी लावणाऱ्या बायांची घ्यावी. ऊन भिंतीवरून किती वाजता उतरते, पावसाळ्यात ओल कुठवर चढते, आणि रोज डोळ्यांसमोर काय असलेले त्यांना चालेल, हे त्याच सांगतील. मग शिडी लावावी.