उद्यापासूनचा व्यायाम

मराठीत ‘आरंभशूर’ असा एक मार्मिक शब्द आहे. तो व्यायाम करू म्हणणाऱ्यांना फार चपखल बसतो. थंडी पडली की मैदाने माणसांनी फुलतात आणि संक्रांत उलटली की ओस पडू लागतात. या मंडळींना व्यायामाचे महत्त्व कळत नाही असे का म्हणावे? डॉक्टरांनी बजावलेले असते, घरची माणसेही मागे लागलेली असतात. मग घोडे अडते कुठे?

अडते ते मनापाशी. चालढकल म्हणजे निव्वळ आळस, अशी आपली समजूत असते. सिरॉय आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली निराळा विचार मांडला. त्यांच्या मते चालढकल हा वेळेपेक्षा भावनेचा प्रश्न आहे. पहाटे उठायचे, सांधे कुरकुरणार, लोक बघणार, या विचारानेच जीव कसनुसा होतो. ‘उद्यापासून नक्की’ म्हटले की तत्क्षणी हलके वाटते. हे हलके वाटणे हेच चालढकलीचे बक्षीस. बक्षीस मिळाले की मन दुसऱ्या दिवशी तीच युक्ती पुन्हा करते.

यात शरीराचाही वाटा आहे. चालू लागल्याबरोबर स्नायूंची प्राणवायूची मागणी वाढते, पण हृदय व फुप्फुसे यांना ती पुरी करायला दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणून सुरुवात जड जाते. कॅनडातील संशोधकांना २०११ साली असे आढळले, की व्यायामात किती आनंद मिळेल याचा अंदाज लोक नेहमी कमी करतात. कारण नजर त्या नकोशा सुरुवातीवरच खिळलेली असते. म्हणजे आपण घाबरतो ते सबंध व्यायामाला नव्हे, त्याच्या उंबरठ्याला!

तेव्हा उपाय उंबरठ्यापाशीच करावा. ‘रोज तासभर व्यायाम करीन’ ही भीष्मप्रतिज्ञा नको. ‘सकाळचा चहा झाला की चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाईन’ एवढेच ठरवावे. वेळ आणि जागा आधी नेमली, की ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. कोपऱ्यावर पोचल्यावर परतायची मोकळीक ठेवावी. पण बहुधा पाय पुढेच जातात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. सूर्यनमस्काराला ना साधने लागतात, ना मोठी जागा. सबब सांगायला वाव कमी, हाही त्याचा एक गुणच!

आणि खाडा पडला तर? इथेच पुष्कळांचा व्यायाम कायमचा सुटतो. ‘मोडलेच, आता कशाला?’ असे मन म्हणते. लंडनमध्ये ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस, तर कोणाला अंदाजे २५४ दिवस लागतील असे दिसले. मधला आकडा ६६ होता. परंतु एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात म्हणण्यासारखी बाधा आली नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असे ऐकून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. पण त्याचबरोबर, अजिबात न करण्यापेक्षा थोडा केलेलाही बरा, असेही सांगितले. म्हणून श्रोतेहो, मनाला कंटाळा येणार हे धरूनच चालावे. कंटाळा जाण्याची वाट पाहू नये. त्याला बरोबर घेऊनच कोपऱ्यापर्यंत जाऊन यावे.