कादंबरीची प्रत आणि कागद

कादंबरी लिहून पुरी झाली, आता ती प्रकाशकाकडे कोणत्या कागदावर पाठवावी, असा प्रश्न नांदेड-लातूरकडचे होतकरू लेखक आम्हांस विचारतात. आम्ही साहित्यिक नव्हे, कामगार संघटनेचे कार्यकर्ते. परंतु पत्रके, निवेदने आणि इतिवृत्ते लिहिण्यात आमचा जन्म गेला. तेवढ्या अधिकारावर चार शब्द सांगतो.

आमच्या एका गिरणी कामगार मित्राने पाळी सुटल्यावर रात्री जागून कादंबरी लिहिली. कागदाला पैसा नव्हता, म्हणून जुन्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिली. कागद पातळ, शाई फुटली, मागचा छापील मजकूर आरपार दिसू लागला. प्रत वाचता येत नाही, एवढाच शेरा होऊन ती परत आली आणि पुढे पावसाळ्यात घर गळाले तेव्हा भिजून गेली. दुसरी प्रत नव्हती. पत्रकांचा तो गठ्ठा आम्हीच त्याला दिला होता, ही रुखरुख अजून आहे.

म्हणून कागदाची पारख करावी. एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम, यावरून त्याची प्रत ठरते. दुकानात 70, 75, 80 असे आकडे रिमावर छापलेले असतात. ए-फोर ताव म्हणजे चौरस मीटरचा सोळावा हिस्सा; तेव्हा 80चा एक ताव 5 ग्रॅम भरतो आणि 300 तावांची कादंबरी दीड किलो. शंभराचा कागद घेतला तर तीच पावणेदोन किलोंच्या वर जाते व टपालखर्च वाढतो. साठाचा घेतला तर वजन वाचते, पण अक्षर पाठीमागे दिसते. म्हणून 75 किंवा 80चा पांढरा, चकाकी नसलेला कागद बरा. चकचकीत कागद दिव्याखाली डोळ्यांवर येतो, आणि त्यावर पेन्सिलीची खूणही नीट उमटत नाही.

आपल्या मराठवाड्यात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद नामांकित आहे. निमंत्रणपत्रिकेला तो शोभतो. कादंबरीच्या प्रतीला नको. तो महाग पडेल, आणि कागदाच्या दिमाखाने मजकुराची उणीव भरून निघत नाही.

कागदाच्या एकाच बाजूस लिहावे, हा नियम खिळ्यांच्या छपाईतला. प्रत पुढ्यात ठेवून दिवसभर खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची त्याने सोय होई. आता खिळे गेले, संगणक आला. पुष्कळ प्रकाशक टंकलिखित मजकूर ई-मेलनेच घेतात. तेव्हा आधी पत्र टाकून विचारावे. परंतु जेथे कागदी प्रत मागतात, तेथे हा नियम आजही पाळावा. एक बाजू, ओळींत अंतर, डावीकडे मोकळा समास, प्रत्येक पानावर क्रमांक. ढीगभर हस्तलिखिते वाचणारा तो माणूसही कष्टकरीच आहे. त्याच्या डोळ्यांची कदर आपण करावी.

शेवटची गोष्ट स्थळप्रतीची. साधा तक्रारअर्ज देतानाही आम्ही स्थळप्रत ठेवल्यावाचून मूळ कागद हातचा सोडीत नाही. मग वर्षानुवर्षांच्या जागरणाची कादंबरी एकुलत्या एका प्रतीवर का सोपवावी? आमच्या मित्राला हे आम्ही वेळेवर सांगितले नाही. तुम्हांस सांगत आहोत.