कंपनीचा पगारी वकील आणि अशिलाचं गुपित

आजचा विषय कायद्याचा असला तरी त्यात आपला जुनाच प्रश्न दडलेला आहे : पगार घेणारा माणूस स्वतंत्र असतो का?

एक कल्पित प्रसंग घेऊ. चाकणच्या एका कारखान्यातल्या खरेदी विभागाच्या प्रमुखाला शंका येते की पुरवठादाराशी झालेला एक व्यवहार नियमात बसत नाही. शेजारच्या केबिनमध्ये कंपनीच्या वकीलबाई बसतात. तो त्यांना ईमेल करतो, ‘मॅडम, यात काही अडचण येईल का?’ दोन वर्षांनी तपास यंत्रणा येते आणि नेमकी तीच ईमेल मागते. आता?

तुम्ही म्हणाल, वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं. बरोबर आहे. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात ते संरक्षण होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही ते आहे. (बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी झालेलं बोलणं मात्र त्यात कधीच येत नव्हतं.) पण हे कलम ‘वकिला’साठी आहे. मग या बाई वकील आहेत का?

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ ला उत्तर दिलं : या कलमापुरतं, नाही. मूळ वाद वेगळाच होता. अशिलाला सल्ला दिला म्हणून तपास यंत्रणा थेट वकिलांनाच समन्स काढू लागल्या, ईडीने तर दोन ज्येष्ठ वकिलांना काढलं, गदारोळ झाल्यावर ते मागे घेतलं. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि न्यायालयात वकिली करणाऱ्यांना चांगलं संरक्षण दिलं. पण त्याच निकालात म्हटलं की कंपनीच्या पगारी वकिलाला कलम १३२ लागू नाही. कलम १३४ चा आधार आहे, पण तो कंपनीच्या बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी झालेल्या पत्रव्यवहारापुरता. मालक आणि त्याचा पगारी वकील यांच्यातलं बोलणं त्यात येत नाही.

याचं मूळ बार कौन्सिलच्या एका नियमात आहे. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. गंमत अशी की मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वी, महापालिकेच्या एका खटल्यात, पगारी कायदा अधिकाऱ्यालाही हे संरक्षण आहे असं मानलं होतं. म्हणजे इतकी वर्षं कंपन्या निर्धास्त होत्या त्या अगदीच उगाच नव्हे.

युरोपात अक्झो नोबेल प्रकरणात हेच घडलं. २००३ मध्ये स्पर्धा कायद्याच्या तपासात इंग्लंडमध्ये मँचेस्टरकडच्या कचेरीत कागद सापडले, त्यात कंपनीच्या वकिलाशी झालेल्या दोन ईमेल होत्या. तो वकील नेदरलँड्सच्या बारचा सदस्य होता. तरी २०१० मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं, नोकरीत असलेला माणूस मालकापासून पुरेसा स्वतंत्र नसतो. इंग्लंडचा स्वतःचा कायदा मात्र पगारी वकिलालाही वकीलच मानतो.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. मी आयुष्यभर पगारावर शिकवलं. पगारामुळे जीभ थोडी आखडते, हे खरं. पण ज्या बाहेरच्या फर्मचं निम्मं उत्पन्न एकाच उद्योगसमूहाकडून येतं, तिची जीभ किती मोकळी असते? आणि मुख्य म्हणजे हे संरक्षण वकिलाच्या सद्गुणाचं बक्षीस नव्हेच. माणसाने चूक होण्याआधी न घाबरता विचारावं म्हणून ते आहे. वकीलबाईंच्या शेजारी बसणाऱ्याला शंका सर्वांत आधी येते आणि तो सर्वांत आधी त्यांनाच विचारतो. आता तो लिहिणार नाही, फोन करेल किंवा गप्प बसेल. मोठ्या कंपन्या संवेदनशील प्रश्न सुरुवातीपासूनच बाहेरच्या वकिलाकडे पाठवतील, त्यांना ते परवडतं. छोट्या उद्योजकाचं काय? तो एक वकील नोकरीवर ठेवतो तोच मुळी खर्च वाचावा म्हणून. आणि बाहेरच्या वकिलाला नंतर नुसतं सीसी केलं की आधीची चर्चा झाकली जाते, असंही कुणी धरून चालू नये.

इथे एका श्रोत्याने विचारलं : ‘सर, त्या खरेदीप्रमुखाने बाहेरच्याच वकिलाला लिहिलं असतं तर तो सुटला असता ना?’

कंपनीची ईमेल कदाचित सुरक्षित राहिली असती. पण तो? इथे अशील कोण ते बघा. अशील आहे कंपनी, कायद्याने जन्माला घातलेली व्यक्ती. गुपित तिचं आहे, ते उघड करायला संमती द्यायची की नाही हे तीच ठरवणार. उद्या संचालक मंडळाला वाटलं की सगळे कागद तपास यंत्रणेला देऊन टाकावेत आणि दोष एका माणसावर जावा, तर त्याला अडवता येणं कठीण. म्हणूनच अमेरिकेत, १९८१च्या अपजॉन निकालानंतर, कंपनीचे वकील चौकशीला बसलेल्या कर्मचाऱ्याला आधीच सांगतात की मी कंपनीचा वकील आहे, तुमचा नव्हे. आपल्याकडे ही पद्धत फारशी रुजलेली दिसत नाही. तेव्हा त्या साहेबांना मी सांगेन, स्वतःपुरता एक वेगळा वकील गाठा आणि त्याची फी स्वतःच्या खिशातून द्या.