मेंदूचा मार आणि मुक्कामाचे गाव

डोक्याला मार बसलेला माणूस वाचणार की नाही, हे तो कुठे पडला यावरही ठरते. ‘क्रॅश’ या चाचणीत ४९ देशांतले १०,००८ रुग्ण होते. त्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गंभीर इजेत गरीब व मध्यम देशांतला मरणाचा धोका श्रीमंत देशांच्या दुपटीहून अधिक दिसला.

यंत्रे नाहीत, दुसरे काय, असे आपण म्हणून टाकतो. श्रीमंत देशांत कवटीत बारीक तार घालून आतला दाब सतत मोजतात. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ रुग्णांवर याची परीक्षा झाली. काहींना तार, बाकीच्यांना सीटी स्कॅन आणि डॉक्टरांची नजर. निकाल २०१२ साली आला. सहा महिन्यांत तारवाल्यांपैकी ३९ टक्के दगावले, बाकीच्यांपैकी ४१. फरक जवळजवळ नाहीच!

यातली बरीच माणसे पहिल्या पंधरवड्यानंतर गेली. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणे, नळीने भरवणे, घशातला कफ काढणे हे त्याच्या आईला किंवा बायकोला कोण शिकवते? महाराष्ट्रात २०१४ पासून ‘१०८’ची गाडी जखमीला रुग्णालयात पोचवते. घरी परतल्यावर फिजिओथेरपिस्ट पुण्या-मुंबईत मिळतो. खेड्यात शोधत फिरावे लागते.