एक रविवार काळदुर्गावर

"रविवारी डोंगरावर? आणि घरचं कोण बघणार?" सासूबाईंनी विचारलं. पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं, "दिवेलागणीला परत येते." लग्नाला अठरा वर्षं झाली, पण फक्त स्वतःसाठी मागितलेला हा पहिलाच दिवस!

श्रावण सरत आला होता. आम्ही सहाजणी बोईसरहून गाडीनं पालघरला आणि तिथून मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीत पोचलो. वारल्यांच्या वाघोबाला नारळ वाढवला नि वाट धरली. सोबत तिथल्याच एक वारली मावशी होत्या.

झाडोऱ्यातून वाट चढते. दोन्ही बाजूंना गुलाबी तेरडा, मधूनच कुर्डूचे तुरे आणि झुडपावर चढलेली पिवळी-तांबडी कळलावी! गौरीसाठी म्हणून मी ती मुळासकट उपटायला वाकले, तोच मावशींनी हात धरला. मैत्रिणींनो, कळलावीचा कंद जहाल विषारी असतो. मुलाबाळांच्या घरात तो आणूच नये. शिवाय कंदच काढला, तर पुढच्या वर्षी फूल कुठून येणार?

माथ्यावर चौकोनी कातळ आणि पाण्याचं टाकं. तिथं दशम्या-चटणी खाल्ली. कुणाला गरम वाढायचं नव्हतं!

जाणार असाल, तर साडीऐवजी सलवार-कमीज, पकड असलेले बूट आणि लिंबू-मिठाचं पाणी हवंच. कातळ ओला असेल, तर माथ्याचा हट्ट नको.

घरी आले तेव्हा सासूबाईंनी दिवा लावला होता. हातात तेरड्याची जुडी ठेवली, तर म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मला वाघोबापर्यंत तरी ने गं!"