तार आणि चुंबक यांच्यातले दोन मिलिमीटर

पालघर तालुक्यातील माहीम, केळवे, सातपाटी या किनाऱ्यावरच्या गावांत हळदीला आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो हा अमेरिकी बँजोच्या नात्यातला नाही. जपानमध्ये १९१२ साली गोरो मोरिता यांनी घडवलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज असून, भारतात बुलबुल तरंग म्हणून रुजलेल्या या वाद्याला पुढे पिकअप आणि अॅम्प्लिफायर जोडले गेले. बेंजोला चुंबकी पिकअप असेल, तर त्याच्या आवाजाची गुणवत्ता इलेक्ट्रिक गिटारप्रमाणेच एका दुर्लक्षित गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे तार आणि पिकअप यांच्यामधील अंतर.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर ताणलेली पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतःही किंचित चुंबकीय होते, आणि ती कंप पावू लागली की वेढ्यांमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहून त्यांत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. नायलॉनच्या तारेवर असा पिकअप मुका राहतो, तो याच कारणाने.

अंतर कमी केले की हा विद्युतदाब झपाट्याने वाढतो, म्हणून जवळ म्हणजे चांगले असा समज सहज होतो. मात्र चुंबक तारेचे केवळ ऐकत नाही, तो तिला ओढतोही. ही ओढ प्रमाणाबाहेर गेली की तारेचे कंपन मोकळे राहत नाही, स्वराची आस, म्हणजे छेडल्यानंतर तो टिकून राहण्याचा काळ, आखूड होते, आणि जाड तारांवर वरच्या पट्ट्यांत एकच स्वर दोन किंचित वेगळ्या उंचींवर एकदम वाजत असल्यासारखा थरथरतो. वादक अशा वेळी खुंट्या पिळत बसतो. दोष मात्र सूर जुळवण्यात नसतो. उलट अंतर फार वाढले की स्वर स्वच्छ पण क्षीण होतो, आणि छेडण्यातला जोर व धार हरवते.

जवळ आणण्यामागे आणखी एक कारण असते, आणि ते अगदीच चुकीचे नाही. एकाच गुंडाळीचा पिकअप आसपासच्या विजेच्या उपकरणांची घरघरही पकडतो, आणि दिव्यांच्या माळांनी भरलेल्या मांडवात ती कमी नसते. ही घरघर तारेच्या अंतरावर अवलंबून नसल्यामुळे पिकअप वर घेतला की तिच्या तुलनेत स्वर ठळक होतो. तरीही आवाज मोठा करण्याचे काम अॅम्प्लिफायरकडे सोपवणेच शहाणपणाचे, कारण चुंबकाने बिघडवलेला स्वर पुढचे कोणतेही यंत्र सुधारू शकत नाही. घरघरीवर खरा उपाय म्हणजे उलट दिशेने जोडलेल्या दोन गुंडाळ्यांचा हंबकर पिकअप. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी तो १९५० च्या दशकात विकसित केला.

गिटारवर अंतर मोजताना तार शेवटच्या पट्टीवर दाबून धरतात आणि तारेच्या खालच्या कडेपासून चुंबकापर्यंत माप घेतात. जुन्या घडणीच्या एकाच गुंडाळीच्या पिकअपसाठी जाड तारांच्या बाजूला सुमारे २.४ आणि बारीक तारांच्या बाजूला सुमारे २ मिलिमीटर हे आरंभीचे माप मानले जाते. जाड तार अधिक विद्युतदाब देत असल्यामुळे ती बाजू थोडी खाली ठेवतात. घोडीजवळ तारेची हेलकाव्याची रुंदी कमी असते, म्हणून तिथला पिकअप मानेजवळच्या पिकअपपेक्षा वर असतो. दोन्ही टोकांचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचे, प्रत्येक वेळी वाजवून पाहायचे, आणि शेवटचा निर्णय कानावर सोडायचा. बेंजोसाठी सर्वमान्य माप नसल्याने तिथे, कळ पूर्ण दाबलेली असताना तार चुंबकाला टेकत नाही ना, हे आधी पाहावे.

समुद्राची खारी हवा या कामात वेगळी अडचण आणते. पिकअपचे स्क्रू गंजून जागीच घट्ट बसतात, आणि तारांवरच्या गंजाचे कण चुंबकांवर चिकटून राहतात. म्हणून वादनानंतर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि अडलेला स्क्रू जोर लावून फिरवण्याऐवजी बदलावा, कारण घसरलेल्या पेचकसाचे टोक वेढ्यांची बारीक तार एका फटक्यात तोडू शकते.