याप्य व्याधी आणि वस्तीतील दवाखाना

पित्तज प्रमेहाचे सहा प्रकार चरकाचार्यांनी याप्य मानले; पथ्य व औषध अखंड असेपर्यंतच व्याधी आटोक्यात राहते. हातावर पोट असलेल्या रुग्णाचे हे सातत्य महिनाअखेरीस तुटते. २०१८ साली सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. रोजच्या गोळीपुरता हा रुग्ण विम्याविनाच असतो.

आमच्या साप्ताहिक धर्मादाय दवाखान्यात औषध चुकविणाऱ्यांना पूर्वी आम्ही रागावत असू. ते येईनासे झाले. आता नाडी पाहण्याआधी आम्ही विचारतो, "औषध संपून किती दिवस झाले?" मग रक्तशर्करा व पावले तपासतो, पुढील भेटीपर्यंतचे औषध देतो, यवाऐवजी परवडणारी ज्वारी सुचवितो. चालू असलेले आधुनिक औषध परस्पर बंद करीत नाही.

रुग्ण निःसंकोच परत येणे, हीच याप्य व्याधीतील पहिली चिकित्सा होय.